आडावर थांबलेली गाडी

प्रिय आबा,

तुका सुटला. परवा हिंगोलीच्या कचेरीत निकाल लागला आणि काल आम्ही घरी पोचलो. गल्लीभर सांगून झालं, तरी सांगायचं राहिल्यासारखंच वाटत होतं. ज्यांना आधी सांगायचं ते तुम्हीच राहिला होतात. तुम्हीच धूळपाटीवर गिरवून घेतलेली अक्षरं आहेत, म्हणून लिहायला बसले.

जामिनावर घरी आलात, तेव्हा त्या शेवटच्या तापातही तुम्ही एकच विचारायचात, "पोरगं सुटंल का गं?" मी "व्हय" म्हणायचे, पण माझा मलाच भरवसा नसायचा.

खरं सांगू का, तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. जवळा बाजारहून येताना आपल्या गावचा सखाराम आणि त्याचा मेहुणा तुमच्या गाडीत बसले. वाटेतल्या गावात तंबाखू आणतो म्हणून उतरले. तुम्ही आणि तुका बैलांना पाणी पाजायला आडावर थांबलात, आणि तिकडे त्या दोघांनी तिथल्या कापडवाल्याच्या घराची मागची भिंत फोडली. आरडाओरडा झाला तसे ते ज्वारीतून पळाले. लोक तुमच्यावर धावून येत होते, तरी तुम्ही बैल जुंपले नाहीत! अमीनसाहेबांनी विचारलं, "काहून थांबला होतास?" तर तुम्ही म्हणालात, "माणसं उतरली होती साहेब. त्यायला टाकून गाडी कशी हाकू?" आबा, पोलिसाला असं उत्तर कुणी देतं का? त्यांनी लिहून घेतलं की बाप-लेक पहारा देत होते.

त्यात आणखी एक भर. घर रिकामं होतं, कारण कापडवाल्याची म्हातारी आई त्या वेळी आडावरच तुमच्याशी बोलत होती. अमीन म्हणाले, तिला बोलण्यात गुंतवायचं काम तुमच्याकडे होतं. परक्या गावच्या आडात पोहरा सोडण्याआधी आपलं नाव-गाव सांगायची आपल्याकडची रीत. तीच तुमच्या अंगाशी आली, असं मी धरून चालले होते.

परवा ती म्हातारी साक्षीला उभी राहिली. घर सोडून गप्पा मारत बसली म्हणून तिचा लेक तिच्यावर अजून चिडलेला. तरी ती बोलली, "याच्या बापानं मला न्हाई गुतवलं. त्यानं आपलं गाव शिरड शहापूर सांगितलं, न् माझी लेक तिथंच दिलेली हाय. मीच तिची खुशाली इचारत बसले. त्यो जातो जातो म्हणत होता, मीच सोडंना. चोरीला आलेला माणूस सोताचं नाव-गाव सांगंल काय?"

मुन्सफसाहेबांनी निकाल उर्दूत वाचला. मला काही कळलं नाही. मग वकिलांनी समजावलं. चोराच्या सोबत असणं हा गुन्हा होत नाही. चोरी होणार हे ठाऊक असावं लागतं, तिला हातभार लावावा लागतो. या बाप-लेकांना काहीच ठाऊक नव्हतं, असं साहेब म्हणाले. बाप-लेकांना, आबा! तुम्ही नव्हतात, तरी तुमचंही नाव घेतलं. मी कचेरीच्या पायरीवर बसून पोटभर रडले, आणि मग मला सपाटून भूक लागली. कितीतरी दिवसांत अशी भूक लागली नव्हती.

सखाराम आणि त्याचा मेहुणा तुरुंगात गेले. आम्ही परत निघालो तेव्हा सखारामची बायको गोदा लेकराला कडेवर घेऊन एकटीच पायी चाललेली दिसली. मी तोंड फिरवणार होते. तिच्या नवऱ्यापायी आपण काय काय ऐकून घेतलं! पण तुकानं गाडी थांबवली.

"वैनी, बसा."

"तुमच्या गाडीत? कोन्त्या तोंडानं बसू, भाऊ?"

"लेकरू दमलंय. बसा."

आधी लेकराला वर देऊन मग ती गाडीत चढली. औंढ्याला मुक्काम पडला. तिथं मी तिला भाकरी दिली, तेव्हा तिला रडू फुटलं.

आता गाव तिच्याकडे बोट दाखवेल, आपल्याकडे दाखवायचं तसंच. ती तर त्या दिवशी गाडीतसुद्धा नव्हती. आबा, उद्यापासून पाण्याला जाताना मी तिला हाक मारून बरोबर नेणार आहे. कुणी काही विचारलंच, तर सांगेन, ही माझ्यासोबत आहे.

तुमची लेक,
सोना