पडद्यावर एकसष्ट

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

निपाणीहून सकाळची बस धरली आणि दहाच्या आत बेळगावात, टिळकवाडीत पोचलेसुद्धा. नोकरी लागल्याचा आनंद इतका, की शेजारच्या सीटवरच्या बाईंना त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. माझे मालक महादेवअण्णा बिल्डर लोकांना अजून न बांधलेल्या घरांची फिल्म संगणकावर करून देतात. दारातून आत शिरायचं, हॉल बघायचा, गॅलरीत जाऊन उभं राहायचं, आणि जागेवर नुसतं गवत. ऑफिस म्हणजे त्यांच्या बंगल्यातली पुढची खोली. माझी खोली वर.

घरात ते आणि त्यांच्या आई अक्काताई. अक्काताईंनी आधी गाव विचारलं, मग आईवडील काय करतात ते, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ताट वाढलं. मला त्या फार आवडल्या.

संगणक एकच, सहा वर्षांचा, रडतखडत चालणारा. मी अण्णांना म्हटलं, नवा घेऊ नका, ह्यालाच पळवून दाखवते. पहिल्या दिवशी एवढी फुशारकी बरी नव्हे, पण मारली.

२७ सप्टेंबर

पळवायचं म्हणजे प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिलाय त्याच्या वर न्यायचा. घाई केली की चिप जळते. म्हणून वहीत नियम लिहिले. एका वेळी शंभर मेगाहर्ट्झच वाढवायचे. व्होल्टेजला शक्यतो हात लावायचा नाही. प्रत्येक पायरीला तासभर पूर्ण ताकदीने चालवून बघायचं, आणि तापमान पंच्याऐंशीला टेकलं की मुकाट मागे यायचं. उष्णता कुठेतरी जावीच लागते, सगळा खेळ तेवढाच.

संगणकाचा डबा उघडून ओंजळभर धूळ काढली, चिपवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, वरच्या जाळीखाली मोठा पंखा बसवला. ४.१ गिगाहर्ट्झला एकाहत्तर अंश. अण्णा खूश.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आमच्याकडे ही यंत्रांची पूजा नसते, पण झाडलोट मीच केली. अण्णा म्हणाले, आज यंत्र बंद ठेवायचं, आज त्याला काम लावत नाहीत. माझी ४.४ ची चाचणी चालू होती, वीस मिनिटं उरलेली, चौऱ्याऐंशी अंश. मी गयावया केली. बरं, राहू दे, म्हणाले.

अक्काताईंनी चालू यंत्राला कुंकू लावलं, फूल वाहिलं, ओवाळलं. आरती घ्यायला गेल्या तर पंख्याच्या वाऱ्याने निरांजन विझलं. त्या काही अडल्या नाहीत. जाळीतून येणाऱ्या गरम हवेवर दोन्ही तळहात धरले आणि डोळ्यांना, कपाळाला लावले. आम्ही तिघंही हसलो.

पडद्यावर चौऱ्याऐंशीचे एकसष्ट झाले.

३ ऑक्टोबर

४.६. एकसष्ट अंशच. दुसऱ्या प्रोग्रॅमने तपासलं, तेच. बोट लावून पाहिलं, कोमट. एवढं चांगलं काम मी केलेलं नाही. अक्काताईंना कणकण आहे, हवा बदलल्यामुळे असेल.

५ ऑक्टोबर

४.८. एकसष्ट. अक्काताईंना एकशे तीन. रक्त तपासलं, काही निघालं नाही. तळहात एवढे तापलेत की जयाबाईंनी, म्हणजे कामाच्या मावशींनी, हातात घेतले आणि लगेच सोडले.

६ ऑक्टोबर

वहीत दोन रकाने केले, वेग आणि ताप. अकराला यंत्राला फिल्म तयार करायला लावलं, सव्वाअकराला ताप चढला. एकला चहासाठी बंद केलं, उतरला. पुन्हा लावलं, पुन्हा चढला. तीनदा.

वेग मूळ जागी आणला. अक्काताई शांत झोपल्या. मग अण्णा आले, एवढं हळू का चाललंय म्हणाले, बिल्डरला शुक्रवारचा शब्द दिलाय. मी परत वाढवला. मुकाट. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं मनात आलं. वाटलं काहीच नाही. आकडे लिहिले.

७ ऑक्टोबर

अण्णांना वही दाखवली. हसतील, चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही रकाने बोटाने खालपर्यंत वाचले आणि विचारलं, ४.४ ला किती होता. एकशे एक, मी म्हटलं.

"एकशे एक म्हंजे काय लई न्हाय."

मग गोळी द्यायला आत गेले. मी ४.४ लावलं.

९ ऑक्टोबर

आणखी दोन फिल्मा आल्या. ४.९. अण्णांनीच वाढवलं, पायऱ्या मीच शिकवल्या होत्या. आता पासवर्डही घातलाय.

अक्काताईंना दवाखान्यात नेलं. वाटलं, लांब गेल्या, सुटल्या. जयाबाई तिथून फोनवर आकडा सांगतात. एकशे चार. मी लिहून घेते. रडू येत नाही.

११ ऑक्टोबर, सकाळ

वायर उपटली. जयाबाई म्हणाल्या, शंभरवर आला, पाणी मागितलं. अण्णांनी वायर परत लावली. ओरडले नाहीत. खुर्ची ओढून तिथेच बसले.

एकशे पाच. डॉक्टर म्हणतात माणसं बोलवून घ्या. अण्णा म्हणतात दुपारी फिल्म झाली की जातो.

दुपार

अण्णा जेवायला उठले. मी जाळीवर तळहात धरले. डोळ्यांना लावले, कपाळाला लावले. भीती वाटली — किती दिवसांनी काहीतरी वाटलं.

जयाबाईंचा फोन. ताप उतरला. अक्काताई उशीला टेकून बसल्यात, कॉफी मागतायत. मी रडले, पोटभर.

तीन वाजता

एकशे दोन. माझा. हातांत पेन नीट —

अण्णांना सांगितलं, अक्काताई बऱ्या आहेत, ताप आता मला आहे, बंद करा. ते देवाला हात जोडून आले. मग माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे.

"तू तरणी हाईस. तुला सोसंल."

पावणेचार

५.० — पायरी सोडून — तासभर चाचणी नाही, काही नाही — उठवत नाही, वायर चार हातांवर — कागद तळहाताला चिकटतोय, कडा पिवळ्या —

५.२ — अण्णा, थांबा — पडद्यावर एकसष्ट — माझा