एक पट्टी वर

४ मार्च

बसली एकदाची मोटर बोटीच्या मागे! तीनदा उतरवली, तीनदा चढवली. बोट लाकडी घोड्यांवर ठेवून पातळी बघितली, तळाला सरळ पट्टी लावून मागे ओढली आणि तिथून पाणी कापणाऱ्या पंख्याच्या दांड्यापर्यंत मोजलं. दांडा तळाच्या चांगलाच खाली आहे. मुद्दाम. सुरुवात खालूनच करायची. मोटर खाली असली की बोट मंद चालते, पण मुकाट चालते. वर चढवत गेलं की मोटरचा पाय पाण्यात कमी घासतो, वेग वाढतो – आणि फार वर गेली की पंखा पाणी सोडून हवा कापायला लागतो. वळणावर मागचा भाग घसरतो. नाक उचलतं. प्लायवूडची चपटी, हलकी बोट, पाण्याला नुसती टेकत टेकत पळणारी. नाकाखाली वारा शिरला की तिचा पतंग होतो. आणि आत गुडघ्यांवर बसलेली असते ही.

बोल्ट परत एकदा आवळले. ही दारात उभी. "लेकीच्या लग्नात एवढं लक्ष घातलं नव्हतंत!"

५ मार्च

शर्यत बावीसला, रविवारी.

ही बोट मी माझ्यासाठी बांधायला घेतली होती. पण माझं वजन! मी बसलो की बोट म्हैस पाण्यात बसावी तशी बसायची. मग गंमत म्हणून ही बसली, आणि अशी काही पळवली की मेव्हणा टाळ्या वाजवत सुटला. तेव्हापासून ठरून गेलं. ही औषधांच्या दुकानातून सुटली की तलावावर. मला काय, कारखाना बंद झाल्यापासून सगळा दिवस मोकळाच. बोट, मोटर, शेड – आणि हिचा जीव – माझ्या पान्यावर.

८ मार्च

पहिली चाचणी. पाणी काचेसारखं. आधी सरळ पळवायची, वळण नंतर. मेव्हणा बचावाच्या बोटीत. मी धक्क्यावर – मला पोहता येत नाही, मी दुसरीकडे कुठे असणार? इंजिन बंद करायची दोरी हिच्या मनगटाला मी स्वतः अडकवली, दोनदा ओढून पाहिली. बोटीतून फेकली गेली तर दोरी सुटेल, इंजिन तिथेच थांबेल.

बोट रडतखडत गेली, पण सरळ. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी जोरात. सगळं ठीक. परत आली, हेल्मेट काढलं.

"कशी वाटली?"

"छान."

"टाकू एक पट्टी मोटरखाली? थोडी वर चढेल."

"टाका की!"

म्हणजे मनात होतंच तिच्या.

१० मार्च

ॲल्युमिनियमची एक पट्टी मोटरखाली. जाडी तीन मिलिमीटर, म्हणजे मोटर तेवढीच वर. प्लगची वायर काढल्याशिवाय पंख्याजवळ हात न्यायचा नाही, हा माझा नियम. मोटरचा कोन बदलला नाही, पंखा बदलला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय बिघडलं ते कळतच नाही. बोल्ट आवळले, मोटर सुटून पडू नये म्हणून तिची साखळी लावली. पुन्हा मोजलं.

वेग वाढला! वाढायचाच.

शेजारच्या लाल बोटीचा मालक येऊन डोकावून गेला. "वहिनींना एवढं खाली ठेवता? नांगर टाकून पळवताय की काय?" त्याची मोटर माझ्यापेक्षा दोन पट्ट्या तरी वर. गेल्या वर्षीचा विजेता तो. हसून वेळ मारून नेली. हीसुद्धा हसली, पण मला वाटतं तिला लागलं.

१४ मार्च

दुसरी पट्टी. सरळ रेषेत बोट सुटली ती बाणासारखी. काय आवाज! धक्क्यावरचे लोक वळून बघायला लागले.

मग वळण. मी धक्क्याच्या टोकाला गेलो.

परत आल्यावर मेव्हण्याने मला बाजूला घेतलं. "भावजी, नाक दोनदा उचललं. मी जवळून पाहिलंय."

मी हिला विचारलं, "वळणावर नाक हलकं वाटलं का?"

"नाही हो. मस्त!"

"सुकाणू घट्ट धरावं लागतंय का? मागून घसरतेय?"

"मस्त आहे म्हटलं ना!"

आता विश्वास कुणावर ठेवायचा? बोट आतून कशी वाटते ते बसणाऱ्यालाच कळतं. मी बाहेरून मोजणारा माणूस. तिने खरं सांगितलं तरच माझ्या मोजण्याला अर्थ. तिच्या डोक्यात जिंकणं शिरलंय, दुसरं काय! मला पट्टी काढून टाकावीशी वाटली. काढली नाही. एवढ्या उमेदीने गेली होती, तिच्या तोंडचा घास कसा काढू?

१५ मार्च

वारा. मोटरला हात लावला नाही. झाडलेली शेड पुन्हा झाडली.

१८ मार्च

आज वाचलो.

तिसरी पट्टी टाकली. का टाकली? लालवाला काल पाण्यात होता, त्याचा वेग बघून ही म्हणाली, "बाप रे, काय पळतो!" मी म्हटलं, "आपणही पळू." शब्द तोंडातून गेला. मग टाकावीच लागली.

दुसऱ्या चकरेला पिचकारी बारीक झाली. मग तुटक. मग नाहीच! पाणी ओढायची भोकं पाण्याच्या वर आली होती. इंजिन कोरडं तापत होतं, आणि ते पूर्ण वेगात जाम झालं असतं तर बोट जागच्या जागी गचकन थांबली असती आणि ही समोरून बाहेर. मी धक्क्यावरून लाल फडकं हलवत ओरडत होतो, आवाज कुठला पोचतोय! मेव्हण्याने बचावाची बोट आडवी घातली तेव्हा हिने वेग सोडला. मोटरवर हात ठेवला तर चटका बसला.

तिसरी पट्टी काढून खिशात टाकली. म्हटलं, "ही पुन्हा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. एवढंच. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. नाराज झाली, नाहीतर काय.

२१ मार्च

ताटातलं तिने निम्मं ठेवलं. लेकीचा फोन आला, हिने दोन वाक्यांत आटपला. एरवी तासभर!

मी म्हटलं, "उद्या दोन पट्ट्यांवर राहू. चालेल?"

"तुम्हाला वाटत असेल तर."

एक पट्टी काढू का, हे विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

२२ मार्च



सकाळी पाणी शांत. पहिल्या फेरीत दोन पट्ट्यांवर ही दुसरी आली! लालवाला पहिला. मेव्हणा नाचत होता. मग दुपारी वारा सुटला, तलावभर बारीक लाटा. अशा पाण्यात मोटर खाली घ्यायची असते. हे मला कळतं. शाळेतल्या पोरालाही कळेल. पाना हातात घेऊन मी बोटीशी उभा होतो आणि विचार करत होतो – काढली तर हिचं तोंड उतरेल. आणि नाही काढली.

दुसऱ्या फेरीत, दूरच्या वळणावर, बोटीचं नाक उचललं. थोडं नाही. मला बोटीचा अख्खा तळ दिसला! मीच रंगवलेला पिवळा तळ, उभा, आभाळाकडे. मोटर हवेत किंचाळत होती. मी काहीच करू शकत नव्हतो. पोहूसुद्धा शकत नव्हतो.

मग फाडकन आपटली. सरळ. तळावर. कशी, देव जाणे. मेव्हणा सांगतो तिने वेग झटकन सोडला आणि अंग पुढे फेकलं. फेरी सोडून ती हळूहळू धक्क्याला आली. मी गुडघाभर पाण्यात कधी उतरलो ते आठवत नाही. तिच्या ओठातून रक्त येत होतं, बाकी धड होती.

मी विचारलंच नाही. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर मोटर सैल केली, दोन्ही पट्ट्या काढल्या, मोजलं, आवळलं, साखळी लावली. मोटर टांगलेल्या फळीला तडा गेलाय का ते बोटांनी चाचपून पाहिलं. नव्हता.

"शेवटच्या फेरीला जायचं असेल तर असंच जायचं. नाहीतर घरी."

लालवाला म्हणाला, "अहो, ही काय शर्यत झाली?" मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

ही पाण्याच्या काठाशी बसली होती. मग हेल्मेट उचललं.

सहा बोटींत पाचवी आली. वळणं अशी घेतली, जणू रुळांवर आहे. धक्क्याला लागली तेव्हा हेल्मेटच्या काचेमागे हसत होती. मला वाटलं, माझ्यावर हसतेय.

२३ मार्च

सकाळी सुजलेला ओठ सांभाळत ही म्हणाली, "पहिल्या पट्टीपासून मी घाबरले होते. पण कारखाना बंद झाल्यानंतर पहिल्यांदाच तुम्ही शेडमधून शीळ वाजवत घरी येत होतात. म्हणून म्हणत राहिले – मस्त."

शीळ! मी भीती वाटली की वाजवतो. लहानपणापासून.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला हे आज सांगितलं.