देवाच्या एडक्याचा नंबर

४ जून २००७, सोम. कळमनुरी
पुन्हा तेच. प्रोग्रॅम साठ नंबर नीट वाचतो आणि शेवटी स्क्रीनवर EOFError. लाइट सारखी जाते, टाइप केलेलं वाया जातं, म्हणून आपल्या मेंढ्यांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे नंबर एका फाइलीत घातले. प्रोग्रॅमने विचारायचं, फाइलीने उत्तर द्यायचं. पहिल्या ओळीत एकूण मेंढ्या, खाली एकेक नंबर; पहिल्या ओळीत जेवढ्या, तेवढे नंबर प्रोग्रॅम मागणार. बुळकांडीच्या साथीची लस शनिवारी टोचायची. डॉ. म्हणाले, "कॉम्प्युटरचा कोर्स करून आलीस ना? एक यादी निघेना?" जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी टिकते की नाही, देव जाणे. दुपारी डबा उघडलाच नाही.

६ जून, बुध.
कारण कळलं. फाइल संपली तरी प्रोग्रॅम पुढचा नंबर मागतो. का मागतो ते मात्र... शेवटी एंटर दाबून पाहिलं, रिकामी ओळ काढून पाहिली. फरक शून्य. डॉ. डोक्यावर उभे. मग ट्राय-एक्सेप्ट घातलं. एरर आला की गुपचूप थांब. यादी निघाली! डॉ. "शाब्बास" म्हणाले. झाकली मूठ.

९ जून, शनि.
रानात जाऊन लस टोचली. डॉ. नंबर वाचत होते, दादा मेंढी धरत होता, मी टिक करत होते. आबांनी विचारलं, "झाली का समदी?" मी म्हटलं, "व्हय आबा, यादी संपली." केवढा तोरा होता माझा!

१३ जून, बुध.
ओढ्यापलीकडच्या कळपात बुळकांडी. चार मेंढ्या गेल्या. आपल्या टोचल्यात, तरी सहज फाइल उघडली. पहिल्या ओळीत ६१. खाली मोजले, ६०. पुन्हा मोजले. ६०.
एकूण आकडा आबांनी तोंडी सांगितलेला. नंबर मी कानांतले बिल्ले बघून उतरवलेले. आणि देवाचा एडका! त्याला जन्मताच देवाच्या नावाने सोडलं, आबा त्याच्या कानाला भोक पाडू देत नाहीत. बिल्ला नाही, म्हणून नंबर नाही. प्रोग्रॅम एकसष्टावा म्हणून त्यालाच मागत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं. 

१४ जून, गुरु.
डॉ.ना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. "एका जनावरासाठी लशीची बाटली फोडता येत नाही. शंभराची असते, कालवली की दोन तासांत संपवावी लागते. सोमवारी जवळा बाजारला दुसऱ्या कळपाला टोचायचंय, तिकडे त्याला आण." म्हणजे चार दिवस. आबांना कसं सांगू? घरी आले, भाकरी थापली, आबांना वाढली. भित्री कुठची.

१६ जून, शनि.
एडका चरत नाही. नाकाला पाणी. आई म्हणाली उन्हानं असेल. आबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. माझ्याकडे बघून म्हणाले, "काहून रडून राहिली, बाई? देवाचा हाय, देव बघंल. आन् तू टोचलंच की समद्यायला."
टोचलंच की. हे ऐकून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. उठून एडक्यापुढे पाण्याची बादली ठेवली.

१७ जून, रवि.
सकाळी दवाखान्यात जाऊन ट्राय-एक्सेप्ट काढून टाकलं. चालवलं. साठ नंबर, मग एरर. राहू दे तसाच.
संध्याकाळी रानात बसलेय. आज आबांना सांगणार. त्यांनी मारलं तरी चालेल. उद्या जवळा बाजारला नेता येईल, जर... डॉ. म्हणाले होते, आजारी पडल्यावर टोचून उपयोग नसतो.
कळप येतोय. रोज एडका सगळ्यांच्या पुढे असतो, त्याच्या मागे आबा. घंटा ऐकू येतेय, पण आज धूळ फार आहे. पुढे कोण आहे ते अजून दिसत नाही.