सातव्या झेंड्याजवळचा दिवा

८ ऑक्टोबर

प्रिय यानूलाताई,

तुला आणि तासियाला माझा नमस्कार. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे.

कागदावरचं छापील नाव बघून दचकू नकोस. होय, मी तिथेच आहे, किनाऱ्यावरच्या त्या बड्या हॉटेलात. माझ्या सत्तरीनिमित्त स्टाथिसने तीन दिवसांसाठी खोली घेतली. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "आई, आजोबांच्या शेतात एकदा पाहुणी म्हणून राहा की." त्याला हा विनोद वाटला. सूनबाई नेक्तारियाही हसली, म्हणून मीही हसले.

खोलीत सात उशा आहेत. नाश्त्याला लालांगिया होत्या. म्हणजे होती. काळ्या दगडावर एकच तळलेली वळी, वर मधाचे तीन थेंब आणि शेजारी चिठ्ठी, 'आजीच्या हातची चव'. आपल्या आजीने अशी एकच वाढली असती तर आजोबांनी ताट अंगणात भिरकावलं असतं. नेक्तारियाने त्या वळीचा फोटो काढला, तोवर ती थंड झाली.

आपण जिथे लोकरीच्या सतरंज्या धुवायचो तिथे आता पांढऱ्या खाटा मांडल्या आहेत. काल मी एका खाटेवर पडले होते. वाढपी तीनदा येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना, काही हवं का. तिसऱ्यांदा मला रडूच आलं. दमलेल्या माणसाला असं विचारू नये. स्टाथिसला मी सांगितलं, डोळ्यांत वाळू गेली.

तासियाचा फोन आला होता. त्याबद्दल लिहायलाच बसले आहे आणि उशा मोजत राहिले आहे. आता लिहिते.

ती म्हणाली, "मावशी, आजार उलटला आहे. डॉक्टरांनी पाच नोव्हेंबरची तारीख दिली आहे, पण आई जात नाही म्हणते. म्हणते, मागच्या वेळी मला दियामांतोच्या, म्हणजे तुझ्या, दिव्याने वाचवलं, औषधांनी नुसते केस गेले. आताही दिवा पुरे. तूच तिला समजाव."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. शेगडीवरचे वाटाणे करपले.

म्हणून आज सकाळी संत पांतेलेमोनच्या देवळात जाऊन आले. ते हॉटेलवाल्यांनी पाडलेलं नाही, चुना लावून छान ठेवलं आहे. भोवती गोल्फचं हिरवं रान आहे, आपल्या खळ्याच्या जागी सातवा झेंडा आहे आणि देऊळ त्याच्या डाव्या हाताला. नाश्त्याच्या टेबलावरचं तेल मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं. न्हाणीघरातला कापूस वळून वात केली. एका हातात मोजा घातलेले चार पुरुष मी झेंड्यापासून लांब जाईपर्यंत काठ्या टेकून थांबले. मी काठीच्या आधाराने लंगडत होते, तेवढ्या वेळात त्यांचा एक डाव झाला असता.

दार उघडलं तर दिवा जळत होता.

ताई, माझे पाय तिथेच थांबले. लाल काचेत ज्योत हलत होती. मी क्रूसाची खूण केली, तसबिरीच्या पायाशी डोकं टेकलं आणि मनात म्हटलं, ज्याने कोणी हा लावला त्याचे हात सोन्याचे होवोत. मग नाकाला तेलाचा वास येईना. काचेला हात लावला तर ती गार.

मागे लांबिस येऊन उभा राहिला होता. कॉफीवाल्या थोडोरोसचा मुलगा, स्टाथिसच्या वर्गातला. आता इथे पहारेकरी आहे, पोट सुटलं आहे.

"मावशी, ती ज्योत बॅटरीवर चालते," तो म्हणाला. "इथे लग्नं लागतात ना. फोटोत बरी दिसते."

"आणि बॅटरी संपली की?"

"मीच बदलतो."

"बदलताना प्रार्थना म्हणतोस का?"

"शिव्या घालतो. झाकण फार घट्ट आहे."

मी ते खेळणं उचलून त्याच्या हातात दिलं, पेल्यात तेल ओतलं, वात ठेवली आणि त्याच्याकडे लायटर मागितला. तो छताकडे बोट दाखवून म्हणाला, "धूर झाला तर घंटा वाजेल, मावशी. माझी नोकरी जाईल."

"देवळात घंटा वाजली तर कुणाची नोकरी जात नाही. आण तो इकडे."

त्याने दिला. घंटा काही वाजली नाही. मग तो हळूच म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी फाटकावर मीच तुम्हाला ओळखपत्र मागितलं होतं. तुम्ही परत गेलात. मला वाटलं उद्या याल. मी साहेबांना सांगूनही ठेवलं होतं. तुम्ही आलाच नाहीत."

आता तुला कळलं असेल.

ताई, सहा वर्षांत मी दिवा एकदाही लावला नाही. तुझ्या पहिल्या आजारपणातही नाही. दर रविवारी तू फोनवर विचारायचीस, "लावलास?" आणि मी म्हणायचे, "लावला." गेल्या ईस्टरला वात बदलताना कबूतर खांद्यावर बसलं असं मी सांगितलं होतं, जे तू मेलबर्नच्या अख्ख्या चर्चला सांगितलंस. ते कबूतरही खोटं.

सगळा दोष मी फाटकावर टाकू शकले असते. गुडघ्यावरही. पण लांबिसने ओळखपत्र मागितलं तेव्हा मला अपमान वाटला नाही. मला बरं वाटलं. तू एकोणिसाव्या वर्षी बोटीवर चढलीस आणि मागे सगळं माझ्याकडे आलं. आईचं अंथरूण, बाबांचा विसरभोळेपणा, चार थडगी आणि हा दिवा. तू तिकडून विचारायचीस, झालं का गं, आणि मी करत राहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, जाऊ नका. मी घरी आले आणि दुपारभर झोपले.

तुझ्यावर राग होता, हे मला आज कळलं. तुझ्यावर प्रेमही होतं, म्हणून रविवारी नाही म्हणवत नव्हतं. तुझा आवाज खोल गेलेला असायचा. 'लावला' म्हटलं की तो वर यायचा. मी ते औषध म्हणून देत राहिले. आता त्याचं विष झालं आहे.

तेव्हा नीट ऐक. मागच्या वेळी तू बरी झालीस ती तिथल्या डॉक्टरांच्या हातून आणि त्या जीव नकोसा करणाऱ्या औषधांनी. इथे पेल्यात फक्त धूळ होती.

आणि अजून एक. लग्नासाठी पांढरी वस्त्रं घातलेल्या खुर्चीवर मी टेकले, कारण उभं राहवेना. संताची तसबीर समोर होती. लहानपणापासून आपण ती पुसली, तुला आठवतं का त्याच्या हातात काय आहे? डावीकडे औषधांची पेटी आणि उजवीकडे चमचा. तो वैद्य होता, ताई. लहान मुलासमोर धरावा तसा त्याने तो चमचा धरला आहे आणि आपण दोघी फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत आलो.

दिवा पाऊण तास जळला. मग लांबिसने विझवला, कारण अकराला लग्न होतं. त्याने नंतर मला छोट्या गाडीतून खोलीपर्यंत सोडलं आणि म्हणाला, गुरुवारी लग्न नसतं. मी गुरुवारी येईन असं त्याला सांगितलं आहे. तुला सांगत नाही. माझ्या सांगण्याला आता काय किंमत आहे?

स्टाथिस हे कुरियरने पाठवेल. तुला ते मिळेपर्यंत मी फोन करणार नाही, कारण तू विचारशील आणि मी पुन्हा 'हो' म्हणेन. मिळाल्यावर तू बोलली नाहीस तरी चालेल. शिव्या दिल्यास तर ऐकून घेईन. पण पाच तारखेला जा, चमचा पुढे आला की तोंड उघड आणि मग वर्षभर माझ्याशी भांडत राहा.

मला तेवढं भांडण हवं आहे.

तुझी धाकटी,
दियामांतो