बगळ्याचा दुसरा पाय

५ नोव्हेंबर
पत्ता देणार नाही! कुनिआकीला, माझ्या माजी जावयाला, दारातच सांगितलं. तो रीतसर कमरेत वाकला. "बाबा, महिन्यातून दोन तास, तेही तिऱ्हाईत बाईच्या देखत. हे काय बापपण झालं? पोर झोपते कुठे, एवढंच विचारतोय."

आवाज लोण्यासारखा. मग गल्लीत कुणी नाही असं पाहिलं आणि वळचणीला वाळत टांगलेल्या पर्सिमन फळांच्या माळा एकेक ओढून बुटाखाली चिरडल्या. शांतपणे. सगळ्या.

शिहो, माझी लेक, याच्या घरातून आली तेव्हा तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं. पाठीवर उकळत्या सुपाचे फोड. घटस्फोटानंतर नगरपालिकेने तिचा नवा पत्ता त्याच्यापासून लपवून ठेवलाय. त्या गावाचं नाव मी या वहीतही लिहीत नाही.

९ नोव्हेंबर
नातीचं पत्र! कोहारू आता तिसरीत. सोबत कविता —

कालवांच्या मांडवावर
बगळा एका पायावर.
दुसरा पाय जुन्या घरी राहिला का?

दहादा वाचली. शाळेची जुनी खोली आठवली — शेगडीवर गरम होणारे डबे, खिडकीत बर्फ, आणि चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतायत. मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत इतकी चांगली ओळ एकाही पोराने लिहिली नव्हती.

१० नोव्हेंबर
वर्तमानपत्राच्या बालकवितांच्या सदराला पाठवावी का? समुद्रातल्या कालवांच्या शेतीवरून गाव ओळखेल का तो? रात्रभर विचार केला. छे! असे किनारे शेकडो आहेत. वर्गातल्या पोरांच्या कविता चाळीस वर्षं पाठवत आलो, तसंच कार्ड भरलं, पेटीत टाकलं. शिहोला सांगितलं नाही. छापून आली की गंमत!

१६ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय.

कुनिआकी पुन्हा आला. मी दार ओढून घेत होतो. त्याने माझा हात चौकटीत धरला आणि दार सरकवलं. एकदा. "गाव?" दुसऱ्यांदा. हाडाचा आवाज मी ऐकला, कोरडी काटकी मोडावी तसा. "म्हातारबा, खडू धरायचाय ना अजून?" तिसऱ्यांदा दार लागलं तेव्हा मी वर्गातली जुनी कविता मोठ्याने म्हणत होतो. तोंडात दुसरं काही येऊ नये म्हणून.

सांगितलं नाही! तीन बोटं गेली, पण नाही सांगितलं.

१७ नोव्हेंबर
शेजारच्या तोमेबाई कुंपणावरून — "मास्तर, हाताला काय झालं? कविता चावली?"
दारात सापडला म्हटलं.
"दार एकदा चावतं हो. पोलिसांत जा!"
गेलो नाही. उद्या चार लोक शिहोलाच नावं ठेवतील.

२४ नोव्हेंबर
शिहोचा फोन. "बाबा, तो आला होता का?"
"नाही गं."
"खरं सांगा."
"तुझी शपथ."
कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, हल्ली दाराला खुर्ची न लावता झोपते. कोहारू एकटी शाळेत जाते, धक्क्यावरून, बगळे मोजत.

फोन ठेवल्यावर खूप वेळ उन्हात बसलो. बोटं ठणकत होती. पण बरं वाटलं. या जन्मात एक दार तरी मी नीट धरून ठेवलं.

१ डिसेंबर
छापून आली. चौकटीत, सगळ्यात वर. खाली — कोहारू, इयत्ता तिसरी. शाळेचं नाव. गावाचं नाव. कार्डाचे सगळे रकाने मीच भरले होते, सुवाच्य अक्षरात. जन्माची सवय.

सकाळी सातलाच कुनिआकीचा फोन. "बाबा, बगळा झकास!" मागे गाडी सुरू होती.

शिहो फोन उचलत नाहीये. उचल गं. उचल.