मुत्तूला दिलेला प्रसाद

रविवार, १ फेब्रुवारी

भैरोबाला शिऱ्याचा नैवेद्य केला. आमच्या गावी पहिला घास देवाच्या वाहनाला, म्हणजे कुत्र्याला. चेन्नईत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकून निम्मं आयुष्य गेलं, पण रविवारची ही रीत सोडलेली नाही. घरमालकीण त्रिपुरसुंदरी आजी भाचीच्या लग्नाला तंजावरला गेल्यात आणि त्यांचा कुत्रा मुत्तू आठवडाभर आमच्याकडे आहे. त्यामुळे आज वाटी घेऊन गल्लीत कुत्रं शोधावं लागलं नाही!

भावाने बागेतले बेदाणे पाठवलेत – हिरवे, लांबट, काय गोडी! शिऱ्यात सढळ हाताने घातले. मुत्तूने वाटी लख्ख केली आणि माझ्याकडे बघत बसला. मग नुसते बेदाणेही दिले. डोळे मिटून खात होता. देवाने आपल्या हातून घास घेतला, असं वाटलं.

सोमवार, २ फेब्रुवारी

मुत्तू सकाळपासून ओकतोय. पाणीही पोटात ठरत नाही. कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. "काय खाल्लं?" म्हणाले. मी म्हटलं, प्रसाद. "प्रसादात काय होतं?" – रवा, तूप, साखर. "तूप जड झालं असेल," म्हणाले. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या.

माझी बायको संयुक्ता म्हणते, "तरी मी सांगत होते, तूप हात राखून घाला. देवाला चालतं, कुत्र्याला नाही."

मंगळवार, ३ फेब्रुवारी

उठतच नाही. नुसता शेपटीचा शेंडा हलवतो, तेही मी हाक मारली म्हणून. आणि कालपासून लघवी नाही.

दुकान बंद ठेवलं. वेलचेरीला कुत्र्या-मांजरांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे नेला. रिक्षावाला म्हणाला, "सार, कुत्रं ओकलं तर सीट तुम्ही धुवायची." मांडीवर टॉवेलात घेऊन बसलो. एवढं हलकं ओझं, पण हात भरून आले.

डॉक्टर रम्या म्हणून आहेत. माझ्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनीही तेच विचारलं, मी तेच सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. कांदा? चॉकलेट? उंदराचं औषध? नाही, नाही, नाही. "द्राक्षं? उलर दिराक्षै?" म्हणजे सुकी द्राक्षं.

मी चक्क अभिमानाने म्हटलं, "बेदाणे ना? हो, आमच्या स्वतःच्या बागेतले!"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बेदाणा कुत्र्याला विष आहे. थेट मूत्रपिंडं धरतो. सगळ्यांना बाधतो असं नाही, पण ज्याला बाधला त्याला सोडत नाही. "काल सांगितलं असतंत तर!" एवढंच म्हणाल्या.

काल सांगितलं नाही, कारण बेदाणा ही सांगायची गोष्टच वाटली नाही. देवापुढे ठेवलेल्या वाटीत विष कोण शोधेल?

रक्त तपासलं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद. दिवसरात्र सलाईन, नळी, रोजच्या तपासण्या. पंचवीस हजार आधी भरा, पुढे याच्या दुप्पट तरी लागतील. आणि इतकं करूनही वाचेलच असं नाही – हे त्यांनी दोनदा सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं, "सार, घरी नेणार की ठेवणार?"

ठेवणार म्हटलं. कार्ड दिलं. भरून झाल्यावर खात्यात राहिलं ते दुकानाच्या भाड्यालाही पुरायचं नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

घरी भांडण. संयुक्ताचं चुकलं असंही म्हणवत नाही. "माझ्या गुडघ्याला वर्षभर तेल चोळताय, आणि कुत्र्याला एसीत झोपवलंय! कुत्रा आजींचा. फोन करा. पैसे त्यांनी द्यावेत, नाहीतर काय करायचं ते तरी सांगावं."

पैशाचं पुढचं पुढे बघू. पण फोन नाही करणार. आजी शाळेतून निवृत्त झालेल्या, पेन्शनवर जगतात. विचारलं आणि त्या "नको" म्हणाल्या तर? मालकाने नको म्हटल्यावर नळी काढायला लागेल. माझ्या हातून खाल्लेल्या घासाने तो मरायचा, आणि मी म्हणायचं की त्यांनी सांगितलं! ते होणार नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "मुत्तू जेवतो ना हो?" मागे नादस्वरम् वाजत होतं. मी म्हटलं, पोट बिघडलंय, डॉक्टरकडे दाखवलंय. खोटं नाही. खरंही नाही. आल्यावर समोर बसून सगळं सांगेन.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज चांदी विकली.

मुलगी तापातून उठली तेव्हा भैरोबाला चांदीचं छत्र बोललो होतो. त्यासाठी जमेल तशी चांदी बाजूला काढून लगड करून ठेवली होती. चैत्रातल्या यात्रेला घेऊन जायचं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊ विचारेल, गुरव विचारेल.

दुकानातल्या तसबिरीपुढे लगड ठेवली. हात जोडले आणि मोठ्याने बोललो – देवा, छत्र थांबेल, तुझं वाहन थांबायचं नाही. तू रागावलास तर माझ्यावर रागाव, पोरीवर नको. मग तराजूवर ठेवली. माझ्या वजनकाट्यावर दुसऱ्याची चांदी रोज चढते. आज माझी उतरली.

तिथून थेट वेलचेरी. पाहतो तर संयुक्ता आधीच येऊन बसलेली! गुडघा धरून लोकलच्या स्टेशनाचे जिने चढून आली होती. मुत्तूच्या अंगावर स्वतःची जुनी साडी घातलेली. म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. एसीचा गारठा लागतोय त्याला."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

लघवी झाली! डॉक्टर रम्यांनी स्वतः फोन केला. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलं होतं, त्याला पेढा दिला. कशाचा, विचारत होता. काय सांगणार!

शनिवार, ७ फेब्रुवारी

घरी आणला. चालतो, पण पायरीपाशी थांबून वर बघतो – उचला म्हणतो. पुढे महिनाभर वेगळं खाणं आणि दोनदा रक्ततपासणी. डॉक्टर म्हणाल्या, "मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत, पण काळजी घेतली तर जगेल." आणि मग, "सार, प्रसाद बंद."

रविवार, ८ फेब्रुवारी

नैवेद्य केला. शिरा, बिनबेदाण्याचा. पहिला घास गल्लीतल्या कुत्रीला दिला. मुत्तू खिडकीतून बघत होता. वाईट वाटलं.

दुपारी आजी आल्या. बॅग जिन्यातच ठेवून खाली बसल्या, मुत्तूला कुशीत घेतलं. मी सगळं सांगितलं – बेदाणे, पहिला डॉक्टर, हॉस्पिटल, फोनवर अर्धंच बोललो ते. पैशाचं विचारलं तेव्हा तेही सांगितलं. म्हटलं, तुम्ही काही द्यायचं नाही, घास माझ्या हातचा होता.

आजी त्यांच्या जुन्या तंजावरी मराठीत एकच म्हणाल्या, "मज कां नाही कळविलं?"

म्हटलं, तुम्ही नको म्हणाल, ही भीती वाटली.

आजी उठल्या, आमच्या खिळ्यावरची मुत्तूची साखळी काढली, त्याला घेऊन वर गेल्या. जिन्यात एकदा थांबल्या, पण वळल्या नाहीत.

संयुक्ता म्हणते, आता घर खाली करायला सांगतील. सांगोत. तो आपल्या पायांनी जिना चढून गेला, ते मी पाहिलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं. साखळी परत आमच्या खिळ्याला, मुत्तू पायरीवर. आजी जिन्यात कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अमरसिंह, तुम्ही फोन केला असतां तर मी म्हटलं असतं, घरीं आणा, म्हातारा झाला, जाऊं द्या त्याला. रात्रभर तेंच डोक्यांत." मग मुत्तूकडे न बघता, "तुमच्याकडेंच राहूं दे तो."