हे घर आहे, प्लांट नाही

बाबा,

उद्या शाळेत पालकसभा आहे आणि तिथे मला माफी मागायला सांगितलंय. मी मागणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण माझं भांडण मुळात तुमच्याशीच आहे.

मी आठवीला मानवी हक्कांचा धडा शिकवते. त्यात कोठडीतली मारहाण, वेठबिगारी, बालमजुरी हे सगळं ऐसपैस सांगून झाल्यावर शेवटी बायकांवरच्या हिंसेला दोन ओळी दिल्या आहेत, नको असलेल्या पाहुण्याला दारातूनच चहा पाजून कटवावं तशा. मी त्या दोन ओळींवर अख्खा तास घेतला. वर्गातली निम्मी मुलं प्लांटवाल्यांची, तुमच्यासारख्याच कारखान्यातल्या कामगारांची. म्हणून विचारलं, प्लांटमध्ये कोणाला लागलं तर काय करतात? रिपोर्ट करतात, सगळे एका सुरात ओरडले. मग घरात आईला कोणी मारलं तर? मुलं वह्या चाळायला लागली. मरोदा वस्तीतल्या एका मुलीने मात्र घरी जाऊन बापाला तोंडावर सांगितलं की आईला मारणं हा तिच्या हक्काचा भंग आहे. दुसऱ्या दिवशी तो प्रिन्सिपलसमोर उभा. मला म्हणाला, "मैडम, ये घर है, प्लांट नहीं." मला वाटलं, तुम्हीच बोललात.

कारण डोळ्यांसमोर ते जुनं घर आलं: मी पाचवीत आहे आणि तुम्ही शिफ्ट करून येऊन जेवायला बसला आहात. वरून पाना पडला, कोणाला लागला नाही, तरी तुम्ही सेफ्टीवाल्यांना तो प्रकार कळवून आलात, ते सांगताय. "आज लागला नाही म्हणून चूप बसलो, तर उद्या माणूस जाते." तुमचा मला केवढा अभिमान वाटायचा! प्लांटमधल्या तुमच्या विभागात वर्षभर अपघात झाला नाही म्हणून बक्षीस मिळालेला कुकर तुम्ही हौसेने आईच्या हातात दिला होता. त्याच आठवड्यात डबा भरायला उशीर झाला म्हणून तुम्ही तोच हात पिरगळला, आणि शेजारच्या काकूंना ती म्हणाली, नळावर घसरले. मला तर तुमचाच नियम पाठ होता. मी भाबडेपणाने विचारलं, "बाबा, आईच्या हाताचंबी सेफ्टीवाल्यायले सांगून देऊ का?" तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. "हे घर हाये, प्लांट नाही. जेव चूप." आई पोळी उलटत राहिली.

प्रिन्सिपल म्हणतात, दोन मार्कांचा प्रश्न आहे, वाचून दाखवा आणि पुढे चला. प्रश्न दोन मार्कांचा असला म्हणून मार दोन मार्कांचा होतो का? ती मुलगी त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही. मी माफी मागितली, तर बापाचंच बरोबर होतं असं ती जन्मभर धरून चालेल. तेवढं मी होऊ देणार नाही.

आई आता माझ्याकडे बोरसीला असते. संध्याकाळी ती मेथी निवडत होती, तेव्हा विचारलं, उद्या सभेत आपल्या घरचं सांगू का?

"सांगजो."

"तुले वाईट नाही वाटणार?"

"वाईट तवा वाटलं. आता कावून वाटन?" मेथीची जुडी संपवून पुन्हा म्हणाली, "पर ते कामाले चांगले होते, तेबी सांगजो."

मी दोन्ही सांगणार आहे.

हे पाठवायचं नव्हतंच. उद्या काय बोलायचं ते जुळवायला बसले आणि वर तुमचं नाव पडलं. त्या मुलीचा बाप समोर बसलेला असेल, त्याची मला भीती वाटत नाही. पण त्या खुर्चीत तुम्ही असता तर मी बोलले असते का, हे मघापासून स्वतःला विचारतेय. नसते बोलले, बाबा.